वर जाताना एक पाटी माती

अशोकचा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यावर मातीनं भरलेली पाटी होती. हे मी सांगतो तेव्हा लोक एकमेकांकडे बघून हसतात, कारण या बाबतीत माझी गावात ख्याती फारशी चांगली नाही. दामूनं सांगितलेल्या गोष्टीतून निम्मी वजा करावी आणि उरलेल्या निम्मीची शेजारी चौकशी करावी, असा आमच्याकडे रिवाजच आहे. पण पाटी खरोखर डोक्यावर होती. एका हातानं ती सावरत, दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढत मी बांधाच्या चढणीवर उभा राहिलो, आणि अशोक म्हणाला, "दामूदादा, आई गेली. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणालो. फोन खिशात गेला, पण पाटी इथंच खाली ठेवावी की आधी वर नेऊन ओतावी, याचा निर्णय काही होईना... शेवटी वर नेऊनच ओतली. अर्ध्या वाटेत पाटी खाली ठेवलेली पारूकाकूला, अशोकच्या आईला, कधीच चाललेली नव्हती.

त्याला आता दीड महिना झाला. पारूकाकू नात्यानं माझी कुणी नव्हे. आमचा फक्त बांधाला बांध. पण बांधाचं नातं रक्ताच्या नात्याहून चिवट. सोयरीक मोडता येते, भाऊबंदकी विसरता येते, बांध तेवढा मोडता येत नाही. आणि मोडला तर काय होतं, तेच तर मला आज सांगायचं आहे. आमचं गाव नगरहून जामखेडला जाताना आतल्या अंगाला. गाव टेकाडावर, ओढा खाली, आणि मधल्या उतारावर सगळ्यांच्या जमिनी. वरच्या बाजूला पारूकाकूचं पाच एकर रान, त्याला ‘चढ’ म्हणायचे. त्याच्या पायथ्याशी ओढ्याला टेकलेलं आमचं चार एकर, ते ‘लवण’. देव माती वाटत वाटत चढापाशी आला तेव्हा बहुतेक जेवायला उठला असावा. चढाच्या रानात मुंगीनं बीळ काढायला घेतलं की दोन पायांवरच तिला मुरूम लागायचा. नांगराचा फाळ दगडाला घासून अशा ठिणग्या उडायच्या की काकूचे यजमान गणपतकाका काड्यापेटी न बाळगता बिड्या ओढत, असं मी पुष्कळ वर्षं पाहुण्यांना सांगत आलो. काका बिडी ओढत नसत, ही गोष्ट वेगळी. आणि जी काही वीतभर माती चढावर होती, तीही दर पावसाळ्यात उतरून आमच्या लवणात मुक्कामाला यायची आणि परत जायचं नाव घ्यायची नाही. आम्ही काही न करता गबर होत होतो. आमच्या लवणात शाळू असा यायचा की उंट शिरला तर माहूताला झाडावर चढून त्याला हाका माराव्या लागाव्यात. आता उंटाला माहूत नसतो म्हणाल तर नसू दे, आमच्याकडे उंटही नव्हता.

गणपतकाका पखवाज वाजवायचे. बोटं इतकी हलकी की नांगर धरला की ती दुखावतील, अशी त्यांची आणि सगळ्या भजनी मंडळाची खात्री होती. म्हणून रान काकूच बघायची. पेरायची पाभर तेवढी काका धरत, तेही काकू पुढं उभी राहून दाखवील तशी. उभ्या पट्टीचं रान, तर सारा गाव उतारासरशी वर-खाली पेरायचा. लांब तास पडतात, बैल कमी वेळा वळवावे लागतात. काकू आडवी पेरायची. बैल दर पन्नास पावलांवर वळून वैतागायचे, काका बैलांपेक्षा जास्त वैतागायचे, आणि काकू बांधावरून ओरडायची. तिचा आवाज असा होता की तिनं इथून "व्हो" म्हटलं की कोपरगावच्या उसातले बैल थांबत. शाळू काढल्यावर लोक धसकटं वेचून चुलीत घालत. काकू ती धसकटं उतारावरच्या प्रत्येक ओघळीत आडवी रचायची, वर दगड ठेवायची आणि घरी चुलीला गोवऱ्या नाहीत म्हणून शेजारी मागायला यायची. बांधावर मारवेल गवत लावलेलं, त्याला कुणाची म्हैस लागली तर म्हशीच्या मालकाचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार व्हायचा. मेंढपाळ खाली उतरताना रानात मेंढ्या बसवायला आले की बाकीचे लोक "कुठंही बसवा" म्हणत. काकू कळप थेट वरच्या अंगाला नेऊन बसवायची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "लेंडी वर पडली तर आपसूक खाली येती. खाली पडली तर वर जाती का?" हे वाक्य लक्षात ठेवा. मीही लक्षात ठेवलं होतं, पण त्याचा उपयोग मला पन्नास वर्षांनी झाला.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लवण माझ्या हाती सोपवलं. मी तेवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेलं, आणि अंगात रग इतकी की सकाळी मिशीला पीळ दिला की तो दुपारपर्यंत टिके. पारावर मी सांगून बसलो होतो की यंदा लवणातला शाळू गावाच्या वेशीतून दिसला नाही तर मिशी काढीन. बोलून तर बसलो, आणि मग रान बघितलं. भाद्रपद लागला तरी वरून गाळ म्हणून आला नव्हता. काकूचा बांध यंदा भरभक्कम झालेला, तिची माती तिच्याकडेच. मी त्या बांधाकडे रोज बघायचो. जेवताना बघायचो, बैल धुताना बघायचो. आणि एके दुपारी, आभाळ जामखेडच्या अंगानं काळं व्हायला लागलं, रानात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मी खोरं घेतलं आणि बांधाच्या कोपऱ्यात वीतभर रुंदीचं तोंड पाडलं. फक्त वीतभर. मनाशी म्हटलं, थोडी माती येईल, पेरणीआधी एक थर पसरेल, कुणाला कळणारही नाही. एवढ्यात टपोरे थेंब आले आणि मी धोतराचा सोगा तोंडावर धरून पळालो.

तो पाऊस तासभरच पडला. पण मातीच्या बांधाला वीत आणि हात यातला फरक कळत नाही, हे मला त्या तासाभरात कळलं. मी बाभळीखाली उभा राहून बघत होतो. आधी काळं, लोण्यासारखं पाणी आलं. मी खूश. मग तोंड हातभर झालं, मग दोन हात, मग पाणी गुरगुरायला लागलं आणि बांधाचा कोपराच गेला. चढाचं रान नुकतंच कुळवून पेरणीसाठी मोकळं केलेलं. त्याला धरून ठेवायला काडी नव्हती. जी बारीक, चांगली माती होती ती माझ्या लवणावरून पाय न टेकता सरळ ओढ्यात गेली. मागून आला तो मुरूम आणि दगडगोटे. ते मात्र निवांत थांबले. पाऊस उघडला तेव्हा काकूच्या रानात घळ पडली होती. तिच्यातून दोन बैलगाड्या आणि मागं वाजंत्री जाईल असं मी नंतर सांगत असे. खरं म्हणजे एक गाडी जाईल एवढी होती, आणि तेवढी पुष्कळ होती. आणि माझ्या लवणाच्या भारी कोपऱ्यावर गुडघाभर मुरूम. दुसऱ्याचं घर लुटायला भिंत फोडावी आणि छप्पर आपल्याच डोक्यावर यावं, तशी गत.

गाव बघायला जमलं तेव्हा मी पुढं होऊन सांगितलं, घुशीचं काम आहे. म्हटलं, मी स्वतः तिला पाहिली, मांजराएवढी... लोक बघतायत म्हटल्यावर ती कुत्र्याएवढी झाली, आणि संध्याकाळी पारावर पोचेपर्यंत वासराएवढी. घुशी बांध पोखरतात हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे लोकांनी निम्मी वजा करून उरलेली मान्य केली. काकूनं घळीत उतरून दोन्ही कडांना हात लावून बघितला. उघड्या पडलेल्या खडकावर चवड्यांवर बसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मी तिला कधी गप्प बसलेली पाहिली नव्हती. आता पुढच्या मोठ्या पावसाआधी ही घळ बुजली नाही तर पाच एकरांपैकी दोन एकरांवर कुसळसुद्धा उगवणार नाही, हे तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात होतो. काकू आली, आणि भिंतीला खोरं टेकवून उभं केलं. माझंच. पळताना बांधावर राहिलेलं. तिनं ते स्वच्छ धुतलं होतं, दांड्यालासुद्धा माती नव्हती.

"घूस आपलं खोरं इसरून गेल्ती," ती म्हणाली.

मी खाली मान घालून शेण ओढत राहिलो. मी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मग ती गेली. अण्णांनी दुपारी ते खोरं पाहिलं, हातात घेऊन फिरवलं आणि एवढंच म्हणाले की आपल्या घरात खोरी धुवायची रीत कधीपासून पडली. उत्तराची वाट न बघता ते जेवायला बसले.

त्याच संध्याकाळी काकू आमच्या लवणात पाटी घेऊन हजर. शेणमाती वाहायची साधी लोखंडी पाटी, एका बाजूला चेपलेली. अण्णांना म्हणाली, भावजी, माझी माती तुमच्याकडं आलीय, ती घेऊन जाते. अण्णा म्हणाले, वहिनी, सगळी घेऊन जा. ती म्हणाली, सगळी एकदम आली तरी जाताना तशी जात नाही. रोज घरी जाताना एक पाटी नेईन. आणि खरंच, त्या दिवसापासून तिन्हीसांजेला घरी निघाली की मुरमाखालची माती उकरून पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची आणि चढाच्या वरच्या टोकाला नेऊन ओतायची. गाव हसलं. मुंगीनं डोंगर उचलायला घेतलाय म्हणाले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्यानं. तेव्हा ती वाटेत थांबली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काय रं घुशा, तुला कशाचं हसू येतंय?"

झालं. तेव्हापासून मी घुशा. गावाला वाटलं, मी खातो फार म्हणून. कुणाला वाटलं, ती वासराएवढ्या घुशीची गोष्ट मी सांगितली म्हणून. सुमनला, माझ्या बायकोला, मी एक कारण सांगितलं, मेव्हण्याला दुसरं, आणि पुढं मुलांना तिसरं. पण सुमन दोन दिवस माझ्याकडे नुसती बघत होती, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाटी शोधायला लागलो. त्यात पुण्य वगैरे काही नव्हतं, सरळ धाक होता. काकूचं तोंड बंद राहावं म्हणून मी माती वाहायला लागलो. तिनं कधी मला "वाहा" म्हटलं नाही, आणि मी कधी "चुकलो" म्हटलं नाही. आम्ही नुसते एकामागं एक पाट्या घेऊन चढ चढायचो. ती पुढं, मी मागं.

मग बहात्तर साल आलं, आणि पाऊस आलाच नाही. त्या सालाबद्दल मी थट्टा करणार नाही. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आम्ही खाल्ल्या, दावणीची जनावरं सोडून दिली, सुमनच्या हातावर खडी फोडून फोडून जे घट्टे पडले ते अजून आहेत. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाऊस पडला नाही म्हणून घळ वाढली नाही. आणि ओढा तळापर्यंत आटला, तेव्हा त्याच्या पात्रात, डोहाच्या जागी, काळा गाळ थरावर थर बसलेला दिसला. काकू काठावर उभी राहून बघत होती. मला म्हणाली, ही बघ, हितं येऊन बसलीय. गेली गेली म्हणून जिच्यासाठी वर्षभर उसासे टाकले ती माती गावकुसाबाहेर चारशे पावलांवर निवांत बसलेली. प्रश्न फक्त वर नेण्याचा होता. एका पाटीनं, दोन पाट्यांनी ते होणारं नव्हतं. पुढच्या मृगाआधी होणारं तर नव्हतंच.

ओढ्याच्या पलीकडं पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. अर्धा गाव तिथं माती वाहायला जायचा आणि संध्याकाळी ओढा ओलांडून, आमच्या बांधाच्या वाटेनं, रिकाम्या पाट्या डोक्यावर पालथ्या घालून घरी परतायचा. काकूही त्यातच. पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना ओढ्यात थांबवलं आणि म्हणाली, "रिकामी पाटी मिरवीत न्यायची ती भरून न्या की. चढ तर तेवढाच चढायचाय." दिवसभर सरकारची माती वाहून माना मोडलेल्या. बाया हसल्या, पुरुष शिव्या घालून पुढं गेले. पण दुसऱ्या दिवशी दोघीजणींनी पाट्या भरल्या. तिसऱ्या दिवशी सात. कुणाचं बाळंतपण काकूनं केलेलं, कुणाच्या घरी काकांचा पखवाज वाजलेला... आणि कुणाला नुसता तिच्या तोंडाचा धाक. आठवड्याभरात अशी रांग लागली की लांबून बघणाऱ्याला वाटावं, देवाची यात्रा चाललीय. ज्यांना टाळायचं होतं ते पार मसणवट्याला वळसा घालून गावात जात, आणि काकू त्यांना दुसऱ्या दिवशी विचारी, "काल कुणाला पोचवायला गेल्तास रं?"

कामावरच्या मुकादमालाही तिनं सोडलं नाही. तरणा मुलगा, इस्त्रीची विजार, गळ्यात मोजायची टेप. तो सायकल ढकलत गावात मुक्कामाला निघाला की काकू त्याच्या सायकलच्या मागच्या कॅरियरवर पाटी बांधायची. तो म्हणाला, बाई, हे रान कोणत्या योजनेत आहे? ती म्हणाली, साहेब, हे घुशीच्या योजनेत हाय. तो माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे. पुढं पुढं तर गावातली कुत्रीही वर जाताना तोंडात ढेकूळ धरून जायची, असं मी म्हणतो. इथं निम्मी वजा करा. पण एक कुत्रं मी स्वतः पाहिलंय. तोंडात काय होतं ते अंधारामुळे नीट दिसलं नाही.

माती वर येत होती, पण घळीला तोंड उघडंच होतं. तिथं दगडी ताल, म्हणजे पाणी अडवायची आडवी भिंत, घालायचा होता, आणि ते काम कुणी न सांगता माझं होतं. माझ्या लवणात येऊन पडलेले दगडच मी उलट्या पायी वर नेले. पहिला ताल मी घातला तो आठ दिवस खपून, चिखलात बांधून, भिंतीसारखा गुळगुळीत. काकूनं बघितला आणि पायानं एक दगड ढकलला. म्हणाली, घर बांधलंस व्हय? ह्यात पाणी कोंडलं की ते तुलाच घेऊन जाईल. मग तिनं पदर खोचला आणि मला शिकवलं. तळाला मोठे दगड, मागं रेललेले. फटी राहू द्यायच्या, त्यात दगडाच्या चिपा ठोकायच्या, चिखल नाही. कडेला एक चपटा दगड घालून सांड ठेवायची, बांधापेक्षा हातभर खाली, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून शिस्तीत उतरतं. मी म्हटलं, काकू, फटी ठेवल्या तर पाणी जाणारच. ती म्हणाली, "पाण्याला वाट द्यायची रं. मातीला न्हाई द्यायची." माणूस एवढं एक वाक्य शिकायला दोन वर्षं घालवतो आणि त्यासाठी एक बांध फोडतो, म्हणजे बघा. मृगाला चार दिवस असताना ताल पुरा झाला. माझ्या हातांची सालं गेली होती आणि मिशी त्या गडबडीत कधी काढली ते आठवत नाही.

खरी परीक्षा पुढच्या भाद्रपदात झाली. तसाच काळा पाऊस, तसाच जामखेडच्या अंगानं. मी खोरं घेऊन धावलो तर काकू आधीच तालापाशी, डोक्यावर पोत्याची खोळ. पाणी तालामागं चढत गेलं, वर वर आलं, आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कोंबडी कबूल करत सुटलो. एवढ्या देवांना एवढ्या कोंबड्या की जिल्ह्यात पुरल्या नसत्या. मग पाणी सांडीवरून ओसंडलं. काकू खाली वाकली आणि तिनं त्या पाण्याखाली ओंजळ धरली. आमच्या अंगावर पाऊस कोसळतोय, आणि ती ओंजळीत बघत उभी. मग ओंजळ माझ्यापुढं केली. पाणी नितळ होतं. तळहातावरच्या रेषा दिसत होत्या... माती मागं थांबली होती.

"बघ घुशा," ती म्हणाली. बस्स, एवढंच. मला वाटतं तेव्हाच मला माफी झाली होती, पण ते विचारायचं धैर्य मला पुढं कधी झालं नाही.

त्या साली चढाच्या घळीत शाळू कमरेच्या वर आला. वेशीतून दिसला. माझा नव्हे, काकूचा. पण पाटीची रीत काही थांबली नाही. दुष्काळ गेला, कामं बंद झाली, तरी खालून वर येणाऱ्यानं रिकाम्या हातानं यायचं नाही, हा आमच्या त्या वाटेचा कायदाच झाला. बांधाच्या बाभळीला ती चेपलेली पाटी अडकवलेली असायची. काकूचा जावई पहिल्या दिवाळीला आला, पायात करकरीत बूट, ओढ्यावर तोंड धुवायला म्हणून उतरला आणि पाटी घेऊनच सासुरवाडीत शिरला. गणपतकाकांनी आयुष्यात एकच जड वस्तू उचलली ती ही पाटी, आणि त्यांच्या शेवटच्या वर्षी ते नुसतं ढेकूळ हातात धरून चढ चढायचे. पण रिकामे नाही. काका गेल्यावरही काकू एकटी रान बघत राहिली. वय झालं, गुडघे गेले, तेव्हा अशोकनं तिला नगरला नेलं. रान मी वाट्यानं करू लागलो. पाटी बाभळीलाच राहिली.

शेवटची भेट नगरलाच झाली. अशोकचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी सफरचंदं घेऊन गेलो होतो, पण ती खाली अशोकच्या गाडीत विसरली. धापा टाकत दारात पोचलो तर काकू खाटेवरून म्हणाली, "एवढा चढ चढलास, आन् रिकाम्या हातानं?" आवाज पार बारीक झाला होता. कोपरगाव सोडा, शेजारच्या खोलीतही पोचला नसता. सून चहा टाकायला आत गेली तेव्हा काकूनं मला जवळ बसवलं. म्हणाली, मी गेले की रीतीप्रमाणं हे लोक राख ओढ्यात सोडतील. आणि मग डोळे मिटून म्हणाली, "खाली गेलेलं वर आणायला किती पाट्या लागत्यात, तुला ठाव हाय. मला चढाच्या वरच्या अंगाला टाक. खाली यायचं ते माझं मी येईन."

मी म्हटलं, काकू, अशोकला सांग की. ती म्हणाली, त्याला सांगायला गेलं की तो रडतो. मी म्हटलं, पण माझ्यावर गावात कोण विश्वास ठेवणार? तिनं डोळे उघडले. तिच्या डोळ्यांत तो जुना मिस्कीलपणा होता, धुतलेलं खोरं भिंतीला टेकवताना होता तसाच.

"मग येकदा खरं बोल. जमंल तुला."

काकूला गावी आणून ओढ्याकाठीच अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सावडायला आम्ही तिथं जमलो. राख गोळा झाली, मडकं भरलं, जाणती माणसं पाण्याकडं निघाली. मी आडवा आलो आणि काकूचं म्हणणं सांगितलं. आणि जे होणार तेच झालं. आधी कुणीतरी घसा खाकरला. मग एक म्हातारा हसू दाबत म्हणाला, "दामू, आज तरी नको रं. आज मयताचा दिवस हाय." कुणी म्हणालं, मेलेल्या माणसाच्या तोंडी गोष्टी घालू नये. अशोक खाली बघत होता. पन्नास वर्षं मी त्या गावाला हसवलं, आणि एक दिवस माझ्या एका शब्दाची गरज होती तर तो शब्द कुणी घ्यायला तयार नव्हतं. माझा मीच निम्मा निम्मा वजा होत होत शून्यावर आलो होतो.

तेव्हा मी सांगितलं. काकू मला घुशा का म्हणायची ते. कुठली दुपार, कुठला कोपरा, वीतभर तोंड, बाभळीखाली उभं राहून बघितलेलं, आणि सकाळी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं खोरं. एकही गोष्ट वाढवली नाही. वाढवता आली नाही. सांगताना मला जाणवलं की खरं सांगायला फार थोडे शब्द लागतात; दोन-चार वाक्यांत संपलं. कुणी हसलं नाही. सुमन बायांच्या घोळक्यात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण तिला नवीन काही कळलं असं मला वाटलं नाही.

अशोकनं मडकं खाली ठेवलं. म्हणाला, "आईनं मला फक्त खोऱ्याचं सांगितलं होतं. कुणाचं, ते कधी सांगितलं नाही." मग तो बाभळीकडं गेला, पाटी काढली, मडक्यातली राख त्यात ओतली आणि पाटी माझ्या डोक्यावर दिली. म्हणाला, "चला दादा, वर."

मी पुढं, बाकी सगळे मागं. आणि हे मी शपथेवर सांगतो, यातून काही वजा करू नका... अर्ध्या वाटेत मी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, तर त्या सगळ्या माणसांच्या हातांत काही ना काही होतं. कुणाच्या ओंजळीत ओढ्याचा गाळ, कुणाच्या टोपीत, कुणाच्या पदरात. ‘आज मयताचा दिवस हाय’ म्हणणारा म्हातारा एक मोठं ढेकूळ छातीशी धरून चालला होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वाट चढाची होती आणि हात रिकामे होते, एवढंच.

राख चढाच्या वरच्या अंगाला, मेंढ्या बसायच्या त्या जागी, पसरली. आता पाऊस येईल. थोडी तालामागं थांबेल. पण सांडीवरून नितळ पाणी उतरलं तरी त्यात थोडं काही येतंच, कितीही चांगला ताल घाला. म्हणजे पारूकाकू दर पावसाळ्यात थोडी थोडी माझ्या लवणात येणार. माझेही गुडघे आता बोलायला लागलेत, मुलगा म्हणतो, आता पाटी उचलू नका. पाटी बाभळीला परत अडकवली आहे. संध्याकाळी तिच्याजवळून जाताना मी तिच्याकडं न बघता जायचा प्रयत्न करतो. चार पावलं जातो... आणि मागं वळतो.